हिरवा दाखवलेला गठ्ठा

सोम. ७ जुलै
म्हणे गठ्ठा विनाकारण उघडला. विनाकारण! बुडाशी रुपयाएवढा ओला डाग, वरून एसी टपटप गळतोय, हे कारण नाय? ऑपरेशनच्या कपड्यांचा नि अवजारांचा गठ्ठा वाफेच्या मशीनमधून काढायचा, टेपवरच्या रेघा काळ्या झाल्या का बघायच्या, रॅकवर लावायचा, सोळा वर्षं हेच करते मी. ओल्या कापडातून जंतू आत शिरतो हे मला कुणी शिकवू नये. कॉम्प्युटरवर मात्र हिरवं. त्याला दोनच गोष्टी ठाऊक. मशीनमधून निघाला की शुद्ध, उघडला की अशुद्ध. डागाचं बटणच नाय. मग काय करणार? फाडली टेप. उघडला. 'उघडला' दाबलं. तेव्हा कुठं लाल झालं.
वाळूजचा कामगार होता, हर्नियाचा. दुसरा गठ्ठा येईस्तोवर तासभर थांबला बिचारा. आज हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांचा मेमो. माफीनामा लिहून द्या, अन्यथा. अन्यथा काय ते लिहिलंच नाय.

मंगळ. ८
माफीनाम्यावर सही केली नाय.
शेख सिस्टर, आमच्या गठ्ठ्यांच्या खोलीच्या इनचार्ज, म्हणल्या, "कांताबाई, कायकू अड़ के बैठे? एक सहीच तो है."
म्हणलं, सिस्टर, पोट तुमचं असतं तर?
त्यांनी चहा मागवला. माझ्यात साखर जास्त टाकायला लावली. राग आला तरी साखर टाकतात, बाई चांगलीय.

बुध. ९
कॉम्प्युटरचे नियम लिहिणारा तुषार सर आला. पस्तिशीचा असंल. माझ्याच स्टुलावर बसला, मी उभी.
म्हणला, "मावशी, कॉम्प्युटरला प्रत्येक कामाच्या आधी काय होतं नि नंतर काय बदललं हे सांगावं लागतं. जे बदललं असं सांगितलं नाही, ते जसंच्या तसं आहे असं तो धरून चालतो. नाहीतर दर मिनिटाला विचारत बसेल, भिंत आहे का, छत आहे का."
हे मला पटलं. खोटं कशाला लिहू. मीही कुलूप लावून निघते, दिवसभर कुलूप लागलेलंच धरते.
पण म्हणलं, "सर, कुलूप तुटलं तर शेजारीण मला फोन करते. तुमच्या कॉम्प्युटरला शेजारीण कुठंय?"
हसला. मग हसायचा थांबला. वहीत काहीतरी लिहिलं.

गुरु. १०
तु. सर परत. "कशाकशानं बिघडतो ते सगळं सांगा, एकेक नियम करतो."
सांगितलं. ओला झाला. खाली पडला. टेप सुटली. कापडाला भोक. ओल्या हातानं उचलला. त्यावर जड गठ्ठा ठेवला नि दबला. रॅकवर झुरळ फिरलं. झाडताना धूळ उडाली. टेपवरच्या रेघा पुऱ्या काळ्या झाल्या नाय.
"नऊ. संपले?"
"आजच्यापुरते."
"म्हणजे?"
"म्हंजे उद्या दहावं निघंल. मला काय ठाऊक आत्ता?"
डोकं धरून बसला. म्हणलं, एवढं कशाला, एकच लिहा. खोलीतली बाई नको म्हणली की नको.
म्हणला, लिहायला दोन मिनिटं. परवानगी साहेबांची लागंल.

शुक्र. ११
साहेबांपुढं दोघं उभे. साहेब म्हणले, "चौथी पास बाईच्या शब्दावर ओ.टी. थांबवायची का?"
म्हणलं, "साहेब, कॉम्प्युटर कितवी पास हाय?"
तु. सरला ठसका लागला. साहेब लालभडक. बाहेर काढलं मला. नऊ नियम मंजूर, माझा नामंजूर. माफीनाम्याची आठवण परत.
घरी येऊन भांडी आपटली लई. बरं वाटलं.

सोम. १४
नऊ नियम चालू झाले. आज पहिलाच दिवस, नि दहावं निघालं.
कन्नड तालुक्यातली बाळंतीण, सिझर. तिचा गठ्ठा घेतला. कडेला पिवळट रेघ. शनिवारी-रविवारी कधीतरी भिजला नि वाळला. कॉम्प्युटर विचारतो, ओला आहे का? आता नाय ना ओला! खरं तेच दाबलं, 'नाही'. हिरवं.
वाळला म्हंजे शुद्ध झाला? आत शिरलेला जंतू काय पाण्याबरोबर उडून गेला?
सिस्टरला हाक मारली. चष्मा वर करून रेघ बघितली, बोट फिरवलं. टेप त्यांनीच फाडली. बाळंतिणीला दुसरा गठ्ठा दिला, तपासून.
मग म्हणल्या, "अब दोनों को मेमो."
पोरगी झाली. बरीय.

मंगळ. १५
आले मेमो. दोन. एक सिस्टरला, एक मला. त्यांची नोकरी पक्की, पेन्शनला तीन वर्षं उरलीत. माझी तर दर वर्षाच्या कागदावर. भ्यायचं तर मी भ्यावं. पण ओला गठ्ठा हातात धरून गप बसायचं, ते जमणार नाय.
तु. सरचा फोन आला. "वाळलेल्या डागाचा नियम टाकतो." म्हणलं, टाका. अकरावा कुठला निघंल ते तुम्ही सांगता का मला?
फोन ठेवला त्यानं.
दुपारी अर्ज लिहिला. तीनदा खाडाखोड. क्लार्क म्हणतो, साहेब मेमोंवर सह्या करून गेले, शुक्रवारपर्यंत रजेवर. म्हणलं, पोच दे. शिक्का मारून घेतला. लिहिलंय ते असं:
माफीनामा देणार नाय. सिस्टरचा मेमो मागं घ्या, त्यांनी माझं ऐकून केलं. खोलीत जी बाई कामावर असंल तिनं नको म्हणलं की न उघडता गठ्ठा लाल झाला पायजे. ते नको असंल तर साहेबांनी स्वतः खाली यावं, डागाला बोट लावावं, 'हा पेशंटला चालतो' असं लिहून खाली नाव घालावं. दोन्हीतलं कोणतं ते शनिवार १९ तारखेला दुपारी चारच्या आत लेखी कळवा.