दव न पडलेली जागा

सोमवार, ४ नोव्हेंबर
एकदाचं बस्तान बसलं! हवामान निरीक्षक म्हणून मिळालेलं माझं पहिलं स्वतंत्र केंद्र. दोन खोल्यांचं घर, समोर कुंपण घातलेलं हिरवळीचं आवार, त्यात थर्मामीटर ठेवायची झडपांची पांढरी पेटी, पाऊस मोजायचं नळकांडं आणि वाऱ्याची दिशा दाखवणारा गंजका कोंबडा. मागे टेकडी, पुढे तळं, त्यामुळे इथली हवा म्हणजे रुसका जावई. सकाळी धुकं, दुपारी उन्हाचा चटका, मग तळ्यावरून वारा, संध्याकाळी ढग आणि जेवणं होईतो आभाळ पुन्हा लख्ख. फाटकावरचे पहारेकरी मामा म्हणाले, इथे एकदा घातलेलं धुणं दिवसातून तीनदा वाळतं. चिंगी हसून लोटपोट. सहा वर्षांच्या माझ्या लेकीला हे आवार म्हणजे राज्यच. तिचे बाबा महिनाअखेरीस बोटीवरून सुटीवर येतील. तोवर दोघींचाच संसार.

बुधवार, ६ नोव्हेंबर
दव आभाळातून पडतं का, असा आज चिंगीचा प्रश्न आला. सांगितलं, पडत नाही, जमतं. रात्री आभाळ मोकळं असलं की जमीन दिवसभराची ऊब वर सोडून देते आणि गार होते. मग तिला टेकलेल्या हवेतली वाफ थेंब होऊन गवतावर बसते. वर काही झाकण असेल तर ऊब खालीच राहते, तिथे दव नाही. ढग म्हणजे आभाळभर गोधडीच, म्हणून ढगाळ रात्रीही दव नाही. वारा सुटला तरी नाही, कारण हवा एका जागी ठरतच नाही. बाईसाहेबांना पुरावा हवा होता. झोपण्यापूर्वी हिरवळीवर एक पाट ठेवून आलो.

गुरुवार, ७ नोव्हेंबर
पाटाखाली चौकोन कोरडा ठणठणीत! चिंगीला कोण आनंद. मग तिनेच मला हाताला धरून टेकडीकडच्या कुंपणापाशी नेलं. तिथेही एक कोरडी जागा, लांबट. मी म्हटलं, एखादं मोठं कुत्रं झोपलं असेल. मामांना विचारलं, तर म्हणाले, कुत्री इकडे फिरकतसुद्धा नाहीत. आणि लगेच पंख्याच्या दुरुस्तीचं बोलायला लागले.

शनिवार, ९ नोव्हेंबर
आज कोरडी जागा नळकांड्यापाशी. उभ्याने नीट पाहिली. खांदा, कंबर, दुमडलेले गुडघे. कुणीतरी कुशीवर झोपलं होतं.
दवातून चाललं की गडद माग उठतो, माझा उठला होता. तिथून निघून जाणाऱ्याचा मात्र कुठेच नव्हता.
नवऱ्याला फोनवर सांगितलं. म्हणाला, आता गवतातही पाहुणे दिसायला लागले का, असेल कुणी दारुडा. दारुडा उडत जातो का, म्हणून मी तडकले. लाइन तुटली.

सोमवार, ११ नोव्हेंबर
पांढऱ्या पेटीपाशी. डोकं घराच्या दिशेला.
मामांना बोलावलं, ते फाटकाच्या आत येईनात. तिथूनच म्हणाले, आधीच्या साहेबांनी ही हिरवळ खणून काढायची परवानगी मागितली होती. मिळाली नाही, मग साहेबच गेले. काय दिसलं होतं त्यांना, विचारलं. मामा म्हणाले, बाई, मी दिवसपाळीचा माणूस.
कार्यालयाला फोन केला. बदली माणूस पुढच्या सोमवारी. तोवर नोंद चुकता कामा नये, म्हणे. चिंगीचं अंथरूण माझ्या शेजारी घातलं.

बुधवार, १३ नोव्हेंबर
दोन रात्री आभाळ गच्च. दव नाही. गवत सगळंच कोरडं. ढगाळ रात्री किती गाढ झोप लागायची मला. आता आढ्याकडे बघत पडते. ते कुठवर आलंय, कळायला काही मार्गच नाही —

गुरुवार, १४ नोव्हेंबर
पहाटेआधी आभाळ उघडलं असावं. भरपूर दव.
पायरीच्या अगदी खाली चिंगीची निळी शाल पसरलेली. वरून ओलीचिंब. मी पसरली नव्हती. शाल उचलली. खाली कोरडं. पण कोरडं शालीपुरतं नव्हतं. दोन्ही टोकांना बाहेर गेलेलं. शाल त्याला पुरली नव्हती.
चिंगीला जवळ घेऊन विचारलं. तिने शांतपणे सांगितलं, त्याच्या अंगाखालचं गवत ऊबदार राहतं, पण त्याच्या पाठीवर दव बसतं ना! तूच शिकवलंस की. वर झाकण पाहिजे. म्हणे, घराला छप्पर आहे.
मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर हात उगारला. ती रडलीही नाही.

शनिवार, १६ नोव्हेंबर
रात्रभर वारा. कोंबडा गरगरत होता, करकरत. दव नाही. काही कळत नाही.
कडी मी स्वतः लावली होती. दोनदा हात लावून पाहिली होती.
सकाळी उघडी. दाराशी स्टूल.
चिंगी नजर देत नाही. घर धुंडाळलं. पलंगाखाली, कपाटात. कुणी नाही. खोली मात्र गार. थर्मामीटर आणून पाहिला — आत बाहेरच्यापेक्षा कमी. असं होत नाही. असं होऊच —

रविवार, १७ नोव्हेंबर
आभाळ स्वच्छ. वारा पडलेला. आज कळणार. उजाडताच चिंगीला झोपलेली ठेवून, दाराला बाहेरून कुलूप घालून आले. म्हटलं, आत तरी सुरक्षित राहील. आवारात उभ्यानेच लिहितेय.
कुंपणापाशी ओलं. नळकांड्यापाशी ओलं. पेटीपाशी ओलं. थेट पायरीपर्यंत दव, सलग, एक पातं कोरडं नाही.
गेलं! हसू येतंय, रडूही. उद्या बदली माणूस, उद्या आम्ही दोघी —
एकही कोरडी जागा नाही. म्हणजे रात्री ते इथे नव्हतं. बाहेर नव्हतं. मग —
खिडकीतून चिंगीचा आवाज. जागी झाली. हळूच बोलतेय कुणाशी तरी. म्हणतेय, जरा सरकून झोप, आई आली की तिलाही जागा —