डावा तळवा

४ मार्च
पाठीच्या कण्यात पुन्हा गाठ. तिसऱ्यांदा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "साधीच आहे, कॅन्सर नाही." साधी गाठ मग सारखी का येते? पुन्हा कापलं तर पाय जाऊ शकतात. म्हणून आता रोज एक गोळी — गाठीला रक्त पोचू देत नाही म्हणे. तीन महिने घ्यायची. तोवर अनवाणी फिरायचं नाही. या गोळीवर जखमा भरत नाहीत.

११ मार्च
डावा तळवा बधिर. गाठ नसेवर दाबतेय म्हणे. पंचवीस वर्षं फरश्या बसवल्या त्या या तळव्यांच्या जिवावर. काम झालं की अनवाणी एक फेरी. कुठे खाली सिमेंटचा माल कमी पडलाय, कुठे पोकळी राहिलीय, पाऊल टेकताच कळायचं. आता एकाच पायावर विश्वास.

२ एप्रिल
गोळीनं तोंड आलंय. गिळवत नाही. जप मनातल्या मनात.

१९ एप्रिल
घात झाला! नवी खोली पुरी झाली, मालक दारात उभे. सवयीनं चपला काढल्या आणि फेरी मारून आलो. घरी बायको म्हणाली, "अहो, हे रक्त कुणाचं?" पुसलेल्या जमिनीवर माझीच पावलं. डाव्या टाचेत फरशीचा कपचा. मला पत्ताच नाही.
"उद्याच दवाखान्यात चला."
गेलो तर गोळी बंद करतील. बघू म्हणालो.

७ मे
जखम जशीच्या तशी. गोळी घेतली तर ती भरत नाही, सोडली तर गाठ वाढणार. दोन्हीकडून भिंत.
बायको पट्टी बांधता बांधता म्हणाली, "देवाला तरी सांगितलंत का?"
"त्याला माहीत आहे."
"म्हणजे लपवताय ते फक्त औषध देणाऱ्या बाईंपासून. शहाणेच आहात."

८ मे
सांगून आलो. बाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. जखम भरेपर्यंत गोळी बंद. किती दिवस? त्यांनाही सांगता येईना. गोळ्यांचं रिकामं पाकीट देव्हाऱ्याशी ठेवलं.

१३ मे
पट्टी बदलायला चप्पल काढली, पाय टेकला. ओट्याजवळची दुसरी फरशी पोकळ झालीय. माझ्याच हातची. डाव्या पायाला कळलं.