हिरवी पट्टी पुढे सरकत नाही

चि. गोट्यास,

तुझ्या मावशीचे तोंडभरून आशीर्वाद. (टक्कल पडलं तरी मला तू गोट्याच.) खोकला गेला का? सूनबाईचा गुडघा काय म्हणतो? इकडे मी बरी, माझ्याकडे राहिलेली तुझी आई, म्हणजे माझी ताईही बरी. अत्यवस्थ आहे तो कम्प्युटर. फोनच केला असता, पण ताई सतत शेजारी, तिच्यादेखत कसं बोलू? म्हणून हे पत्र शेजारणीच्या जावयाच्या हाती धाडते आहे.

आजारपणात ताईची वाचा गेल्यापासून बोलायला शिकवणाऱ्या बाई सांगताहेत, तिला रोज तिचाच जुना आवाज ऐकवा. माझा फोन आमची सगळी बोलणी आपोआप टिपायचा (नशीब माझं!), ती मी कम्प्युटरवर 'ताई' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली. हल्ली त्यावर टिचकी मारली की वर एक हिरवी पट्टी निघते आणि मध्येच बसकण मारते. मी चहा करून येते, कपडे वाळत घालून येते, पट्टी तिथेच! ताई बिचारी आशेने माझ्या तोंडाकडे बघत बसते. शिंपीणबाई म्हणाल्या, बंद करून चालू करा. केलं. तुझे काका म्हणाले, धूळ असेल. त्यांनी सायकलच्या पंपाने हवा मारली आणि दिवसभर शिंकत बसले. त्यात आतून कट् कट् आवाज यायला लागला. मेलं, माझा जीवच थाऱ्यावर राहिला नाही.

शेवटी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो बघतच राहिला. "बाई, 'ताई'च्या आत 'ताई', तिच्या आत पुन्हा 'ताई', हे काय आहे?" अरे, हरवेल या धास्तीने मी रोज अख्ख्या फोल्डरची एक कॉपी काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवत होते. एक गेलं तर दुसरं शेजारीच सापडावं, नाही का? त्याने कपाळाला हात लावला. फोल्डर हळू उघडतो तो याच पसाऱ्यामुळे, पण कट् कट् म्हणजे डिस्कच जायला आली आहे, सारखी चालू करू नका, सगळं लगेच दुसऱ्या डिस्कवर काढायला हवं, म्हणाला. दुकानात नेऊन करून देतो म्हणत होता, तर मी कम्प्युटरपुढे हात पसरून उभी राहिले. त्याला मी वेडीच वाटले असणार. तेव्हा रिकामी डिस्क घेऊन तूच ये.

तुझी,
मावशी

ता. क. दुकानात का दिला नाही, हे काकांनाही सांगितलेलं नाही. त्या बोलण्यांत निम्मा वेळ आम्ही दोघी सूनबाईची उणीदुणी काढतोय आणि उरलेला निम्मा तुझी. परक्याच्या कानावर कशाला? तूही आवाज बंद ठेवूनच कॉपी कर, माझी शपथ आहे.

पुन्हा ता. क. राहवलं नाही रे, आज एकदाच चालू केला. पट्टी रखडत रखडत शेवटाला पोचली आणि एक फाइल वाजली. ताई तुझ्यावरच करवादत होती, चार हाका मारल्याशिवाय गोट्या जागचा हलत नाही, एक नंबरचा आळशी! ऐकता ऐकता आपल्या ताईचे ओठ हलले आणि ती स्पष्ट म्हणाली, "आळशी." पहिला शब्द, गोट्या! मी ढसाढसा रडले. आवाज चालू ठेवलास तरी चालेल. बाकीचे शब्दही तुझ्याबद्दलच आहेत, पण तिला ते सगळे हवेत. लगेच नीघ.