माहेरमोरी

देवपूर, धुळे
ता. ५ एप्रिल १९५४

तीर्थरूप चुडामणभाऊस,
सुंदरचा शि. सा. न.

इकडे सर्व ठीक. सातवा लागला, पाय सुजतात. आखाजीच्या सणाला माहेरी येऊन बाळंतपणापर्यंत राहायचं ठरलं होतं. पण काल बाजारात आपल्या गावचा छगन भेटला. बंधाऱ्याची डागडुजी करताना तुम्ही पंचांनी त्याच्या भिंतीतली माहेरमोरी सिमेंटने बुजवली म्हणे.

भाऊ, नदीला नवं पाणी आलं की गाभोळीचे मासे त्या मोरीतूनच वर उथळात अंडी घालायला जातात. तेवढे दिवस गावात कोणी जाळं टाकत नाही, म्हणून तर तिचं नाव माहेरमोरी. आता ते भिंतीवर डोकी आपटतील आणि लोक टोपल्या भरतील. तू माळकरी, मासा तुझ्या ताटाला चालत नाही, आणि एवढ्या पोटुश्या मारायला निघालास! मोरी उघडेपर्यंत मी येणार नाही. बाळंतपण इथेच होईल.

आबांना नमस्कार. लोभ आहे, रागही तेवढाच आहे.
तुझी सुंदर

मळखेडे, ता. साक्री
ता. १२ एप्रिल १९५४

चि. सौ. सुंदरबाईस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसू आलं, मग राग. त्या मोरीतून उन्हाळाभर पाणी निसटतं आणि पाटाच्या टोकाला जीवरामचा ऊस वाळतो. त्याला काय माशांच्या माहेराची गोष्ट सांगू? ती आजीने तुला झोपवायला सांगितलेली. हट्ट सोड. पहिलं बाळंतपण सासरी झालं तर लोक मला नावं ठेवतील. आखाजीला गाडी पाठवतो. बहिणीची माया असेल तर बसून येशील.
तुझा चुडामण

देवपूर, धुळे
ता. १९ एप्रिल १९५४

ती. भाऊस,
शि. सा. न.

गाडी पाठवलीस तर रिकामी परत येईल. ऊस वाळू नये हे मलाही कळतं. उन्हाळ्यात मोरीला लाकडाची फळी लाव, नवं पाणी आलं की काढ. पण सिमेंट फोड. पोटुशीला माहेरची वाट मोकळी हवी, हे लोकांच्या भीतीने का होईना, तुला कळलं ना? मग त्या माशांचीही वाट सोड.

माया तशीच आहे, येणं नाही.
सुंदर

मळखेडे, ता. साक्री
ता. ३० एप्रिल १९५४

चि. सौ. सुंदरबाईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आबांना वाचून दाखवलं. वाट बुजी टाकी त पोर कशी यी, एवढंच ते म्हणाले आणि पहार घेऊन निघाले. सत्तरीचा माणूस, मी मागून धावलो. पंच ओरडत होते, जीवराम सगळ्यांत जास्त. मी सांगितलं, फळी मी बसवीन, पुरात उतरून मीच काढीन, आणि त्याचा ऊस सुकू लागला तर आपल्या पाळीचं पाणी त्याला.

मी हरलो असं समजू नकोस. आबांच्या हातून पहार घ्यावी लागली, इतकंच.

निंबाला झोका बांधलाय. तू बसायचं नाहीस, नुसतं बघायचं. गाडी उद्या निघते. राग तिकडेच ठेव. मोरी उघडी आहे, ये.
तुझा भाऊ