कागदावरचा दीपेश

३ एप्रिल
शेठचा मुंबईहून फोन. मे महिन्याचा सीझन नीट काढलात तर मॅनेजर म्हणून कायम करतो, नाहीतर इथून माणूस पाठवतो, म्हणाले. आंबेनळी घाटाच्या पायथ्याचं हे हॉटेल इतकी वर्षं मीच बघतो, तरी अजून तात्पुरता. काउंटरला नवीन माणूस घ्यायचाय. आजवर 'कोणाचा रे तू?' एवढं विचारून माणसं ठेवली. यंदा रेझ्युमे मागवणार. काळाबरोबर राहिलं पाहिजे.

९ एप्रिल
दोन आले. पोलादपूरचा दीपेश: तीन पानं, रंगीत. हॉटेल मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट, स्पोकन इंग्लिश, गेस्ट हँडलिंग. नाते गावची अक्षदा: अर्धं पान. बारावी, मामीच्या खानावळीत मदत. मुलाखतीत ती बरंच बोलली. मी दीपेशचं तिसरं पान वाचत होतो, नीट ऐकता आलं नाही.

१० एप्रिल
निर्णय झालाच होता, पण देवीला विचारल्याशिवाय मी माणूस ठेवत नाही. गुरव सोनबांनी कौल लावला. उजवं फूल दीपेशचं, डावं अक्षदाचं. डावं पडलं. वारा होता. पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा डावं. सोनबा म्हणाले, "एकदाच इचारायचं असतं रे. देवी काय बहिरी नाय." तिसऱ्यांदा उजवं पडलं. देवी घाई करत नाही.

२ मे, सकाळ
दीपेश रुजू होऊन दोन आठवडे. फोन वाजला की किचनमध्ये जातो. पाहुणे आले की स्वयंपाकीण आवडीबाईंच्या मागे उभा राहतो. त्या म्हणाल्या, "ह्यो काउंटरला ठेवलाय की माझ्या पदराला?" जळतात. सर्टिफिकेटवाला माणूस आधी निरीक्षण करतो.

१० मे
आता फोन घेतो. प्रत्येकाला 'येस सर' म्हणतो. त्यामुळे वरची खोली एकाच दिवशी तीन कुटुंबांना गेली. एक कुटुंब माझ्या घरी झोपवलं. बायको बोलत नाही. एक चिडून महाबळेश्वरला गेलं. ते शेठचे व्याही निघाले.

११ मे
दीपेशला समोर बसवलं, रेझ्युमे पुढे ठेवला. यातलं काय येतं, विचारलं. "काका, महाडच्या सायबरवाल्यानं केलंय. त्यात नाव तेवढं माझं हाय." आणि सर्टिफिकेट? "तो म्हणाला, सगळेच टाकतात." मग मला का नाही सांगितलंस? "तुमी इचारलंच नाय." सख्ख्या भावाने जमीन वाटून घेताना मला इतकं फसवलं नव्हतं. संध्याकाळी देवीपुढे दिवा लावला, पण बोललो नाही. तिलाही कळू दे.

१२ मे
अक्षदाला फोन केला. समोरच्या हॉटेलात लागली. म्हणाली, "काका, तेव्हा एकदा तरी वर बघायचं होतंत." तिकडे गर्दी असते म्हणतात. रस्त्याची ती बाजू सावलीची आहे.

१७ मे
शेठने नवा मॅनेजर पाठवला. स्वराज नाव, पंचविशीचा. शेठने त्याला पाहिलेलंही नाही, नुसत्या रेझ्युमेवर घेतला. असं कोणी माणूस ठेवतं का?

१८ मे
नव्या साहेबांनी सगळ्यांचे रेझ्युमे मागितले. माझा नव्हता. कोऱ्या कागदावर लिहून दिलं: दहावी, जिल्हा परिषद शाळा, नंतर इथेच. मी बोलत राहिलो, त्यांची नजर कागदावर. शेवटी म्हणाले, उद्यापासून तुम्ही काउंटरला बसा. हॉटेल मॅनेजमेंट केलेला इथे दीपेशच दिसतो. तो तुम्हाला शिकवेल.

१९ मे
दीपेशने खुर्ची पुसून दिली. म्हणाला, "फोन वाजला तरी घाबरू नका काका. मी हाय ना किचनमध्ये." मुलगा वळणाचा आहे. ते मी रेझ्युमेवरूनच ओळखलं होतं.