तिसऱ्या मजल्यावरची भुरी

आत्याबाई, तुमच्या भुरीच्या वंशातली एक म्हातारी मांजर सध्या माझ्याजवळ वाशीमला आहे. तिलाही आम्ही भुरीच म्हणतो. यांच्या गुडघ्यांपायी आणि सारख्या दवाखान्यापायी मुलानं आम्हाला जऊळक्याहून इथं तिसऱ्या मजल्यावर आणून ठेवलं, आणि तो पुण्याला नोकरीवर गेला. राहिलेली भांडी आणायला मी गावी गेले, तर ही बंद घराच्या ओट्यावर बसलेली, कुत्र्यांनी मागचा पाय फाडलेला. दळणाच्या डब्यात घालून, वर फडकं बांधून घेऊन आले. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, जखम भरेल, पण आता हिला बाहेर सोडू नका. पुन्हा कुत्र्यांना सापडली तर वाचायची नाही.

तेव्हापासून दार लावायचं काम माझं. ती धान्याच्या कोठीमागे जाऊन बसली. खाईना, पिईना, पहाटे दार ओरबाडून रडायची. मुलगा आला तेव्हा दुकानातून मांजरांच्या घाणीसाठीच्या वाळूची पिशवी घेऊन आला. तिनं ती नुसती हुंगली आणि माझ्या पूजेच्या आसनावर घाण केली. मी आसन धुतलं, पुन्हा आंघोळ केली, आणि एसटीनं गावी जाऊन आपल्या अंगणातली माती पोत्यात भरून आणली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, वाशीमात माती सरली काय?" गाडीभर लोक हसले. पण ती माती घमेल्यात पसरली तशी भुरी कोठीमागून निघाली, बराच वेळ हुंगत राहिली, मग उकरायला लागली. त्या दिवशी तिनं दूधभाकर खाल्ली. मग मी तिला घर थोडं थोडं करून दिलं, आधी कोठीची खोली, मग स्वयंपाकघर. संध्याकाळी, तिच्या उंदरांच्या वेळेला, सुतळीला चिंधी बांधून फरशीवरून ओढते. खिडकीत गोणपाट टाकलंय. त्यावर बसून ती खाली बघते, देवाकडे पाठ करून.

तुम्ही मला असंच बसवलं होतं. मी नवी सून होऊन आलेली, मॅट्रिक झाल्याचा ताठा, सारखी दाराशी. तुम्ही भाकरी थापता थापता, वळूनही न पाहता म्हणालात, "रस्त्याकडं काय पाह्यतं बाई? बस माह्याजवळ. जीव लागते हळूहळू." आणि तव्यावरची पहिली भाकर माझ्या ताटात टाकलीत. मी बसले. जीव लागलाही. पण तिथं अंगण होतं, आत्याबाई. विहिरीवर कोणी ना कोणी हाक मारायचं. इथं दळण वर येतं, भाजी वर येते, समोरच्या बाईंचं दार बंदच असतं. देवळात जावं तर यांना एकटं सोडता येत नाही. मग खिडकीत भुरीच्या शेजारी मीही उभी राहते. हे म्हणतात, "तिले काहून कोंडून ठेवलं? जाऊ दे तिले तिच्या मनानं." मी डॉक्टरांचं सांगते.

आज दुपारी हे झोपले होते. कचरा ठेवायला दार उघडलं आणि लावलं नाही. भुरी आली. पुढचे पाय बाहेर टाकून जिन्याकडे बघत उभी राहिली. खाली कुत्री भुंकत होती, मला ऐकू येत होती, तरी मी तिला हाक मारली नाही. तीच वळली, माझ्या पायाला अंग घासलं आणि गोणपाटावर जाऊन झोपली.

मुलाला फोनवर सांगितलं, भुरी रुळली. त्याला बरं वाटलं. तुम्ही तर गेलात, हे लिहिलेले कागद कुठं पाठवायचे नाहीत, म्हणून तुम्हाला सांगते. ती आत परत आली तेव्हा मला आनंद झाला नाही. आमच्यातलं एक तरी खाली उतरेल असं वाटलं होतं.