आवाज कमी होत नाही

तरोडा नाका, नांदेड
गुरुवार, २० नोव्हेंबर २०२५

चि. वीरेश यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

आम्ही मायलेकी बऱ्या आहोत. थंडी पडल्यापासून अव्वाचे गुडघे कुरकुर करतात, पण तुझ्यासाठी आमटीचं येसर भाजायला बसली की दोन तास जागची हलत नाही. हे पत्र त्याच पार्सलातून येईल, डब्याखाली घडी करून. माझा फोन तू घेत नाहीस, मेसेज तुझ्यापर्यंत पोचत नाही, मग दुसरं काय करू? रविवारी तू अव्वाशी बोलतोस तेव्हा मी शेजारीच बसलेली असते. "घरी सगळे बरे?" असं विचारतोस. त्या सगळ्यांत मी आहे असं धरून चालते.

काम आहे म्हणून लिहिते. संगणकाचा आवाज गेला आहे.

सोमवारी सकाळी त्याने अपडेट करू का म्हणून विचारलं आणि मी हो म्हटलं. मला विचारल्याशिवाय अपडेट करायचं नाही, असं तू दहादा बजावलं होतंस. दोन वर्षं केलं नाही. पण विचारणार कुणाला, ते तू सांगून गेला नव्हतास. संगणक बंद होऊन पुन्हा चालू झाला आणि बाई बोललीच नाही. तीच रे, लिनक्स टाकलंस तेव्हा त्यात बसवून दिलेली, पडद्यावरचं सगळं मला वाचून दाखवणारी. तिच्या मराठीला तू टिनपाट मावशी म्हणायचास. हसायचास, पण माझी नजर पुरती गेल्यावर मला परत कामाला लावली ती तिनेच.

डोळस माणसाच्या संगणकाचा आवाज गेला तर त्याची गाणी बंद होतात. माझं सगळंच बंद झालं.

तू पहिल्यांदा काय विचारशील ते मला ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगते. स्पीकर चांगला आहे. तीच वायर माझ्या बटणांच्या साध्या मोबाइलला लावली तर दणकून वाजतो. मागची हिरवी पिन काढून तीन वेळा घातली, शेजारच्या भोकांतही घालून पाहिली. आवाज वाढवायचं बटण बोट दुखेपर्यंत दाबलं. पूर्वी दाबलं की टुक टुक व्हायचं, आता तेही नाही. स्पीकरवरचं फिरवायचं बटण तर तू असतानाच तुटलं होतं आणि तूच ते पूर्ण मोठं करून आत डिंक ओतला होतास, म्हणजे तिथे काही करायची सोय नाही. टर्मिनल उघडून आवाजाचा कारभार पुन्हा सुरू करायची ती लांबलचक कमांड पाठ आहे, तीही टाइप केली. पण टर्मिनल उघडलं होतं का, कमांड बरोबर गेली का, पासवर्ड मागत होता का, देवाला माहीत. उत्तर आलं असेल तर ते पडद्यावर आलं असेल, आणि पडदा माझ्या काय कामाचा?

लातूरच्या क्लासचे पंचाक्षरी सर तुला आठवत असतील. त्यांची व्याख्यानं ऐकून मी नोट्स टाइप करून देते. पाच धडे सोमवारपर्यंत द्यायचे आहेत. काल फोनवर म्हणाले, "वर्षाताई, तुमची अडचण कळते, पर पोरांची परीक्षा थांबत न्हाई. सोमवारी न्हाई आलं तर दुसरी बाई बघितली हाय मी." चांगला माणूस आहे, रागावला नाही. त्याचंच वाईट वाटलं.

दुरुस्तीवाला बोलावला होता. तो म्हणाला, "हे लिनक्स कोन वापरतं आता? समदं पुसून नवीन टाकतो." मी त्याला हात लावू दिला नाही. नवीन टाकलं की बाई गेली, आणि ती पुन्हा बसवणार कोण?

चार दिवस मी खाटेवर बसून आहे, वीरू. किती वाजले ते अव्वाला विचारते. काल तिला पाच वेळा विचारलं. तू हे सगळं जुळवून द्यायच्या आधी मी अशीच बसायची आणि तेव्हा मला मरावंसं वाटायचं. तेव्हा ते कुणाला सांगितलं नव्हतं, आता तुला सांगते.

हे पत्रही मी आवाजाशिवायच टाइप करतेय. एडिटर उघडला आहे असं समजून. मॉनिटर बंद आहे. चुका असतील, गाळलेल्या ओळी असतील, समजून घे.

आता पुढचं. बाई बोलत असती तर हे माझ्याकडून लिहून झालं नसतं. मी शब्द टाइप केला की ती तो मोठ्याने म्हणते. अव्वा स्वयंपाकघरात असते. मागे दोनदा लिहायला बसले आणि पहिल्याच शब्दाला उठले. आज बाई गप्प आहे.

मंजुश्रीला फोन मी केला होता.

तुमची सुपारी फुटली त्याच्या अकराव्या दिवशी. अव्वा मंदिरात गेली होती. तुला माहीत नाही, पण हैदराबादच्या डॉक्टरांनी मला एकटीला बसवून सांगितलं होतं की हा डोळ्यांचा आजार रक्तातून येतो. अण्णा आणि अव्वा नात्यातलेच, दोघांकडून आला म्हणून तो माझ्यात उतरला. मंजुश्री ही अव्वाच्या चुलतभावाची मुलगी. म्हणजे पुन्हा उदगीरचं तेच घर. आपल्यात नात्यातली मुलगी करून घेतात, सगळे खूश होतात, रक्ताचं कोण बघतो? मी तिला म्हटलं, तुमची मुलं माझ्यासारखी होतील. ती म्हणाली, "अक्का, हे त्यांना ठाऊक हाय का?" मी म्हटलं, त्याला ठाऊक आहे.

तुला ठाऊक नव्हतं.

आठ दिवसांनी उदगीरहून नकार आला. आंधळ्या नणंदेची त्यांना लाज वाटली, असं अव्वाने ठरवलं. सख्ख्या माहेराला तिने नाही नाही ते बोलून घेतलं. तेव्हापासून ती उदगीरला गेलेली नाही, तिला वाढवणाऱ्या काकूच्या मातीलासुद्धा नाही. मी बाजूला बसून ऐकत होते. मंजुश्रीने तुला सांगितलं, तुमच्या अक्काला विचारा. तू येऊन विचारलंस. मी म्हटलं, मला काय माहीत? तू माझ्या तोंडाकडे पाहत असशील तेव्हा. तुझी बॅग भरल्याचा आवाज मी ऐकला.

मुलांची काळजी खोटी नव्हती. पण तू लग्न झाल्यावर हैदराबादेत घर करणार होतास. मग माझं कोण, हा विचार मला आधी आला होता. मुलं नंतर आठवली.

हे ठेवायचं की खोडायचं ते आवाज आला तर ठरवीन. गुरम्मा काकूंना बोलावलं आहे, त्या आल्या वाटतं.

संध्याकाळ झाली आहे. पुढचं लिहिते.

समोरच्या गुरम्मा काकू बिदरकडच्या, चौथीपर्यंत कानडीत शिकलेल्या. मराठी बोलतात फर्मास, वाचता येत नाही, आणि इंग्रजीचं तर नावच काढू नकोस. मी म्हटलं, काकू, तुम्ही फक्त दिसतं ते सांगा. त्यांनी मॉनिटर लावला आणि म्हणाल्या, "अगं, केवढं लिहिलंस गं! समदा पडदा भरलाय." म्हणजे एडिटर उघडलेला होता. मग मी टर्मिनल उघडलं, आवाजाचा तक्ता उघडणारं अल्सामिक्सर टाइप केलं.

"काय दिसतं, काकू?"

"काळं हाय. मधी एक काडी हाय उभी."

एकच काडी म्हणजे वरवरचं. तू शिकवलेलं आठवलं, एफ सहा दाबून खरं कार्ड निवडायचं. दोनदा चुकलं. तिसऱ्या वेळी काकू ओरडल्या, "आल्या, लई काड्या आल्या!"

"काड्यांच्या खाली काय आहे?"

"पहिलीच्या खाली दोन शून्यं. दुसरीच्या खाली डोंगर हायत."

"डोंगर?"

"दोन डोंगर शेजारी शेजारी. अन् मग आनखी दोन."

वीरू, मी खुर्चीतून उठले. इंग्रजी एम, एम. म्हणजे म्यूट, तोंड बंद. अपडेटने स्पीकरचं तोंडच बंद करून टाकलं होतं. उजवा बाण, मग एम. "डोंगर गेले!" काकू म्हणाल्या, "शून्यं आली." पण काडी रिकामी होती. मी काकूंचं बोट वरच्या बाणावर ठेवलं आणि म्हटलं, भरेपर्यंत दाबा. त्यांनी इमानेइतबारे दाबलं. "हिरवी झाली. पांढरी झाली. आता वर लाल झाली गं, सोडू का?"

मी परत एडिटरवर आले आणि 'सगळं वाच' ची बटणं दाबली.

"तरोडा नाका, नांदेड," बाई अशी ओरडली की काकू दचकून माझ्या अंगावर आल्या. मी रडायलाच लागले. काकू टाळ्या वाजवत होत्या, अव्वा पिठाच्या हातांनी धावत आली, "बोलली का? बोलली का?" करत. तुझं नाव आलं, येसर आलं, अव्वाचे गुडघे आले. अव्वा हसली, "माझे गुडघे कशाला लिव्हलीस?" आम्ही तिघी उभ्या राहून माझं पत्र ऐकत होतो. पंचाक्षरी सर आले. दुरुस्तीवाला आला. खाटेवर बसून असल्याचं आलं तेव्हा अव्वाचं हसणं थांबलं. आणि मी, मूर्ख, अजून बाईच्या आवाजाच्या आनंदात होते. पुढे काय लिहिलंय ते माझ्या डोक्यातून पार गेलं होतं.

"मंजुश्रीला फोन मी केला होता."

मी आवाज कमी करायचं बटण दाबलं. दाबत राहिले. बाई तेवढ्याच जोराने बोलत होती. ते बटण आता दुसऱ्याच कशाचा तरी आवाज कमी करतंय, बहुतेक मॉनिटरचा, आणि स्पीकरला त्याचं काहीच नाही. कंट्रोल दाबलं असतं तर बाई जागच्या जागी थांबली असती, हे मला झोपेतही ठाऊक असतं. सुचलं नाही म्हण, किंवा दाबलं नाही म्हण. आंधळ्या नणंदेची लाज गल्लीत ऐकू गेली, काकूची माती ऐकू गेली. "मुलं नंतर आठवली," हेही गेलं.

"गॅसवर दूध हाय माझं," म्हणत गुरम्मा काकू निघून गेल्या.

अव्वा मला मारेल असं वाटलं. मारावं असंही वाटलं. ती खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली. म्हणाली, "मला बघायला आले तव्हा आमचा सिद्धेश्वर अठराचा व्हता."

सिद्धेश्वरमामा म्हणजे अव्वाचा भाऊ, आपण जन्मायच्या आधी विहिरीत पाय घसरून गेला तो. आपल्याला एवढंच माहीत आहे.

"पाय घसरला न्हाई त्याचा," अव्वा म्हणाली. "त्याला विहीर दिसली न्हाई. दिवे लागले की भिंत धरून चालायचा. पाहुणे यायच्या दिवशी त्याला शेतात धाडून दिलं, कुनी बघू ने म्हनून. मला समदं ठाऊक व्हतं. मी पोहे घेऊन बाहेर आले अन् खाली मान घालून बसले. तुझ्या अण्णाला मरूस्तोर सांगितलं न्हाई. तुझे डोळे जायला लागले तव्हा ते देवाला दोष देत व्हते, मी ऐकत व्हते."

मी तिचा हात धरला. तिने सोडवून घेतला नाही. उलट माझ्या खांद्यावर ठेवला, पीठ तसंच होतं. "काही खोडू नको," म्हणाली. "माझं बी लिव्ह. त्याला समदं कळू दे." ते मी आत्ता तिच्यासमोर लिहिलं. बाई एकेक शब्द गल्लीभर ओरडून सांगतेय आणि अव्वा प्रत्येक शब्दाला हं म्हणतेय. चार दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली आहे.

इथे पत्र संपवता आलं असतं. अव्वाने मला माफ केलं आहे असं मला वाटतंय, आणि तू हे वाचून कदाचित फोन करशील. पण अव्वा तिचं सगळं बोलली आणि मी अजून अर्धं ठेवलं आहे.

डॉक्टरांनी त्या दिवशी आणखी एक गोष्ट सांगितली होती. घाबरायचं कारण नाही, म्हणाले. भावाचं लग्न नात्यात ठरलं तर मुलाचं आणि मुलीचं दोघांचं रक्त तपासून घ्या. दोघांपैकी कुणा एकाच्या जरी रक्तात हे नसलं तरी मुलांना हा आजार होत नाही. बेलाशक लग्न करा. कागदावर लिहूनही दिलं होतं. तो कागद तेव्हा इथे राहणाऱ्या गुरम्मा काकूंच्या सुनेकडून वाचून घेतला आणि फाडून टाकला. मंजुश्रीने फोनवर विचारलं होतं, "अक्का, काही इलाज न्हाई का?" मी म्हटलं, नाही.

हे अव्वाला ठाऊक नव्हतं. आत्ता, बाईच्या तोंडून, मी टाइप करतेय तसतसं तिला कळतंय. आवाज कमी होत नाही.

तिचा हात माझ्या खांद्यावरून निघाला आहे. ती आत गेली. कडी लावल्याचा आवाज आला.

मंजुश्रीचं लग्न झालेलं नाही. उदगीरलाच शाळेवर शिकवते, नंबर तोच आहे. रक्त तपासून घे, वीरेश. दोघांचं. संगणकाचं काही कळवलं नाहीस तरी चालेल.

वरती सवयीने आशीर्वाद लिहिले आहेत. ते धरू नकोस. खाली नुसतं नाव लिहिते.

वर्षाराणी